बैलानं नाही मारलं

मला शिंगं दोन आहेत, पण पितळी शेंबी एकाच शिंगाला आहे. दुसऱ्या शिंगाचं टोक उघडं आहे. ते असं का, हे कुणी विचारलं की आमच्या घरातली माणसं विषय बदलत. मित्रांनो, मी एक जुना लाकडी बैल आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुम्ही मला बघता, माझ्या कपाळाला कुंकू लावता, दोरी धरून मला घरोघर नेता आणि बोजारा म्हणून मिळालेला खाऊ नि पैसे खिशात घालता. लाकडाला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटत असेल. मला आहे. ते फारसं सुखाचं नाही, पण तुमच्या वयाच्या दोन मुलांबद्दल आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म जबलपूरचा. गणपतराव सरकारी कारखान्यात सुतार होते. तोफांच्या गाड्यांचं लाकूडकाम त्यांच्या हातून जात असे. मूळचे ते सावनेरकडचे. शेती भावांकडे राहिली आणि हे नोकरीसाठी नर्मदा ओलांडून इकडे आले, ते इथलेच झाले. पण पोळा जवळ आला की त्यांचं चित्त थाऱ्यावर नसे. मुलगा बंडू तीन वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी घमापुरच्या लाकडाच्या टालीवरून सागाचा एक ठोकळा आणला आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून त्यातून मला काढलं. वशिंड, गळ्याखालची पोळी, खूर, सगळं जिथल्या तिथे. खाली फळी आणि चार चाकं. कारखान्यातल्या एका मित्राने शिंगांसाठी दोन पितळी शेंब्या करून दिल्या. काचकागदाने माझी पाठ घासताना गणपतरावांचा हात इतका मऊ फिरे की हाच हात पुढे कशाकशासाठी उठेल, हे मला तेव्हा सांगूनही पटलं नसतं.

माझ्या पाठीवरचा भुसा फुंकायला त्यांची मुलगी बसलेली असे. तिचं नाव प्रतिमा, पण सगळे तिला बेबी म्हणत. बंडूपेक्षा दोन वर्षांनी मोठी. फुंकून फुंकून तिच्या केसांत भुसा बसला होता. माझे डोळे रंगवून झाल्यावर तिने विचारलं, माझा बैल कधी करणार? गणपतराव हसले. पोरींना बैल नसतो, तुला भातुकली आणू, म्हणाले. आणलीही. बेबीने ती भातुकली माझ्यासमोर मांडून मला जेवू घातलं. बैल तर बैल, जेवणारा कुणीतरी हवाच ना.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गणपतरावांनी बंडूला मांडीवर घेऊन खांदशेकणी शिकवली. गावाकडे त्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, कारण वर्षभर जू तिथेच घासतं. मग बैलाला म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बंडूने आपल्या इवल्या बोटांनी माझ्या खांद्याला तूप चोळलं आणि विचारलं, "याले दुखते का, बाबा?" त्या प्रश्नासाठी मी त्या पोराला आजवर टाकून बोललो नाही, आणि बोलणारही नाही.

आता एक साधी गोष्ट सांगतो. ती तुमच्याही घरी झाली असेल.

बंडू धावता धावता माझ्या दोरीत अडकून पडला. गुडघा खरचटला, भोकाड पसरलं. त्याची आई इंदिराबाई पोळपाट टाकून धावत आली. फार मायाळू बाई, कुणाला टोचून बोलणं ठाऊक नाही. तिने त्याला कडेवर घेतलं आणि माझ्या पाठीत दोन धपाटे घातले. "हात्‌ रे बैला! माझ्या बंडूले पाडतो काय? घे बंडू, तूही मार त्याले." बंडूने मला मारलं. रडणं थांबलं. डोळ्यांत पाणी असतानाच तो हसला.

मला लागलं नाही, मी लाकडाचा. घरोघरी मुलांना असंच उगी करतात, कधी जमिनीला मारतात, कधी उंबऱ्याला, कधी दाराला. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण चारच दिवसांनी त्याच दोरीत बेबी अडकली आणि तोंडावर आपटली. ओठ फुटला. तिच्यासाठी मला कुणी मारलं नाही. इंदिराबाई आतूनच म्हणाल्या, "खाली पाहून चालता येत नाही काय, बेबी? पोरीच्या जातीनं जपून चालावं." बेबीने फ्रॉकने ओठ पुसला, दोरी गुंडाळून माझ्या शिंगाला अडकवली आणि रडली नाही.

असं अनेकदा झालं. बंडूला लागलं की कुणीतरी मार खाई. बेबीला लागलं की चूक तिचीच निघे. एकाच चुलीवरची भाकरी खाऊन दोन मुलं दोन निराळे धडे शिकत होती आणि शिकवणाऱ्याला आपण काही शिकवतोय याची खबरच नव्हती.

बंडू शाळेत जायला लागला तेव्हाची गोष्ट. कॉलनीतल्या थोराड पोरांनी त्याची पाटी फोडली आणि तो रडत घरी आला. गणपतराव नुकतेच पाळीवरून आले होते. त्या काळी कारखान्यात कामाचा रेटा होता, जादा पाळी चालू होती, आणि पलीकडे चाचणीचे बार सुटले की आमच्या फळीवरची भांडी हलत. दमलेल्या माणसाने दारातच पोराला अडवलं. मार खाऊन आलास? बांगड्या भर. जा, मारून ये, मगच घरात पाय टाक. बंडू बराच वेळ पायरीवर बसून राहिला. त्याला मारता येत नव्हतं. शेवटी तो बाहेर गेला आणि आपल्याहून लहान अशा एका पोराला मारून आला. गणपतरावांनी कुणाला मारलं ते विचारलं नाही. त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि त्याला गूळ दिला.

त्या वर्षी खांदशेकणीला बंडूने मला तूप लावलं, पण दुखतं का हे काही विचारलं नाही.

बंडू सात वर्षांचा होता आणि बेबी नऊची. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बंडू तापाने फणफणला. अंथरुणातून उठेना. सणाच्या दिवशी बैल घरात बसवून ठेवू नये, म्हणून इंदिराबाई बेबीला म्हणाल्या, पाच घरं फिरवून आण, म्हणजे झालं. बेबीने बंडूला विचारलं. तापात तो हो म्हणाला.

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस. बेबीने आपल्या परकराच्या उरलेल्या तुकड्याची मला झूल केली होती. शेंब्या चिंचेने घासून लखलखीत केल्या होत्या. पाच घरं कसली, सबंध कॉलनी ती मला घेऊन फिरली. तोरणाखाली सगळ्या पोरांचे बैल ओळीने उभे राहिले, त्यात दोरी धरलेली मुलगी ती एकटीच. कॉलनीच्या महिला मंडळाच्या बायकांनी पहिलं बक्षीस मला दिलं, पितळेचा पेला. बेबी घरी आली ती धावतच. पेला तिने बंडूच्या उशाशी ठेवला. तुझ्या बैलाला मिळाला, असं म्हणाली. तुझ्या, असं म्हणाली ती, माझ्या नव्हे.

दोन दिवसांनी बंडू बरा होऊन खेळायला गेला आणि पोरांनी त्याला धरलं. बहिणीने बैल फिरवला, आता तू चूल फुंक. बांगड्या घाल. कुणीतरी त्याला ओढणी गुंडाळायला निघालं. बंडू तिथे रडला नाही. रडायचं नसतं हे त्याला आता पाठ झालं होतं. तो घरी आला. मी अंगणात होतो, बेबी माझ्यासमोर उकिडवी बसून झूल काढत होती. तिने मान वर करून विचारलं, "काय झालं रे?"

त्याने मला उचललं. मी हलका नव्हतो, सागाचा होतो. त्याने मला दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि तिच्यावर फेकलं.

माझं उजवं शिंग तिच्या डाव्या डोळ्यात गेलं.

इंदिराबाई बाहेर आल्या तेव्हा बेबीच्या बोटांमधून रक्त येत होतं आणि बंडू भिंतीला टेकून पांढराफटक उभा होता. इंदिराबाईंनी पदर बेबीच्या डोळ्यावर दाबला. मग त्यांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. मोकळ्या हाताने त्यांनी मला मारलं. पुन्हा पुन्हा मारलं. "मेल्या बैला! माझ्या पोरीचा डोळा घेतला रे!" बेबीसाठी मी मार खाल्ला तो ती एकच वेळ. आणि ती चिमुरडी पदराखालून, अगदी स्पष्ट, म्हणाली, "आई, बैलानं नाही मारलं. बंडूनं मारलं."

"चूप," इंदिराबाई म्हणाल्या.

दवाखान्यात सांगितलं, फळीवरून बैल पडला. गणपतरावांना सांगितलं, फळीवरून बैल पडला. गणपतराव अंगणात आले. मी कधी फळीवर ठेवला जात नसे, हे त्यांना ठाऊक होतं. फळी त्यांनीच ठोकली होती आणि तिच्यावर माझी चाकं मावत नव्हती. त्यांनी कुऱ्हाड आणली, पण नंदीवर घाव घालायला हात धजेना. माझ्या उजव्या शिंगाची शेंबी तेवढी त्यांनी पकडीने उपटली आणि मला कोळशाच्या खोलीत टाकलं. बंडूला कुणी एक शब्द बोललं नाही. तो तीन-चार दिवस दाराआड उभा राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. मला वाटतं, तो वाट बघत होता. कुणीतरी म्हणेल, हे तू केलंस. कुणीच म्हणालं नाही. मग त्याने वाट बघणं सोडलं.

बेबीचा डावा डोळा गेला. वर पांढरं फूल पडलं.

कोळशाच्या खोलीत मी नऊ वर्षं काढली. त्या वर्षांत दोनदा लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखान्याचे भोंगे अवेळी वाजू लागले. चिनी लढाईत बंडू माझ्यावर लाकडी तलवार चालवायचा, पुढच्या लढाईत बंदुकीचा दस्ता. मी ओरडत नसे, म्हणून माझ्यावर मारण्याचा सराव चांगला होई. घरी बाबांचा पट्टा खाल्ला की तो सरळ माझ्याकडे येई आणि खाल्लेलं सगळं मला परत देई. शाळेतून तक्रारी आल्या, तर गणपतराव मिशीत हसून म्हणत, वाघ आहे, कुणाच्या बापाला भीत नाही. त्या वाघाला अंधारात या खोलीत यायची भीती वाटे आणि तो दार उघडं ठेवून येई, हे फक्त मला ठाऊक.

बेबीही येई. ती रडायला येई. एवढ्या मोठ्या मुलीने दारात बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून ती कोळसा आणण्याच्या निमित्ताने येई, माझ्या पाठीला टेकून रडून घेई, आणि डोळे पुसून पाटी भरून जाई. तिच्या तोंडाला लागलेला कोळसा सर्वांना दिसे. त्याच्याखालचं कुणाला दिसत नसे. एकाच लाकडाजवळ भाऊ मारायला येत होता आणि बहीण रडायला. दोघं एकदाही एका वेळी आली असती, तर काय झालं असतं, याचा विचार करत मी तिथे काळा झालो.

बेबी अठरा वर्षांची झाली आणि तिला बघायला गावातल्याच कांचघर भागातून पाहुणे आले. मुलगा रेल्वेत कारकून, नाव दिवाकर. त्याच्याबरोबर आई आणि मामा. डोळ्याचं आधीच कळवलं होतं. पण लोक विचारणार, डोळा असा कशाने? जन्मापासून तर नाही? तेव्हा गणपतरावांना एक युक्ती सुचली. त्यांनी मला कोळशातून काढलं, धुतलं, तेल लावलं आणि बैठकीत तिवईवर मांडलं. पाहुण्यांना पुरावा म्हणून. अपघात झाला तो याच्यामुळे, हा बघा.

पोहे झाले. दिवाकरच्या आईने मला उचलून बघितलं, वजन जोखलं, बापरे म्हणाली. गणपतरावांनी फळीची हकिगत सांगितली. इंदिराबाई खाली बघून पदराचं टोक पिळत होत्या. बंडू दाराशी हाताची घडी घालून उभा होता. सोळा वर्षांचा, रुंद खांद्यांचा. दिवाकर सौम्य माणूस दिसत होता. तो सहजच बेबीला म्हणाला, फार लागलं असेल ना तेव्हा?

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. बेबीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बैल पडला नव्हता," ती म्हणाली. "माझ्या भावानं फेकून मारला होता. तो लहान होता. पण मारला त्यानंच."

बशा तशाच राहिल्या. मामा खाकरले. आम्ही कळवतो, असं म्हणून पाहुणे उठले. सायकलरिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत गणपतराव दारात हात जोडून उभे होते.

ते आत आले आणि बंडू पुढे झाला. तो बेबीच्या डाव्या बाजूने आला. त्या बाजूचं तिला दिसत नाही. त्याची थप्पड तिच्या कानशिलावर बसली तेव्हा ती बशा उचलत होती. ती माझ्यावर कोलमडली. त्याने दुसऱ्यांदा हात उचलला.

तो हात इंदिराबाईंनी धरला. त्या ठेंगण्या बाईला त्याच्या मनगटापर्यंत पोहोचायला टाचा उंचवाव्या लागल्या. दोन्ही हातांनी त्यांनी तो धरून ठेवला.

"बस झालं, बंडू," त्या म्हणाल्या. "तिचा डोळा तूच फोडला होता. बैलानं नाही. तू. मी तुले तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी बैलाले मारत बसली."

बंडूने हात सोडवून घेतला नाही. सहज घेता आला असता. तो तसाच खाली बसला आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. आधी तो ठसका वाटला. रडायची सवय मोडून इतकी वर्षं झाली होती की त्याला ते जमत नव्हतं. गणपतराव गरजले, "काहून रडून राहिला पोरीसारखा..." आणि पुढचं तोंडातच राहिलं. कारण पोरगी समोर उभी होती. गालावर पाच बोटं उमटली होती आणि तिच्या चांगल्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता.

गणपतराव भिंत धरून बसले. त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी दिवा लावला नाही. लढाईचे दिवस होते, अंधार पाळायचाच होता, म्हणून शेजाऱ्यांना काही वेगळं वाटलं नाही.

कांचघरहून नकार आला. मुलगी चांगली आहे, पण घरातला मुलगा तापट दिसतो, असं त्यांनी कळवलं. बेबी हसली, म्हणाली, माणसं खरं बोलली. पुढे ती टेलिफोनच्या ऑफिसात लागली, दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं आणि घर सोडताना काय हवं विचारलं तेव्हा तिने मला मागितलं. आता मी तिच्या खिडकीत असतो. तान्ह्या पोळ्याला आळीतली मुलं मला नेतात, आणि मुलीही नेतात. पहिला हक्क मुलींचा, असा तिचा नियम आहे.

मित्रांनो, माझी चाकं कुरकुरतात, त्यांना तेल नाही घातलं तरी चालेल. माझा रंग उडाला तर उडू द्या. पण तुमचा धाकटा भाऊ अडखळून पडला, तर त्याच्यासाठी जमिनीला मारू नका. कुठे लागलं ते विचारा आणि त्याला पोटभर रडू द्या. बहीण पडली तर तिलाही हेच विचारा. आणि कुणी कुणाला मारलंच, तर मारणाऱ्याचं नाव घ्या, त्याच दिवशी घ्या. नाव न घेतल्याने पोर वाचत नाही, बिघडतं.

बंडू दर भाऊबीजेला येतो. कारखान्यात लागला, संसार झाला, कानांवरचे केस पिकले. आपल्या मुलांवर तो हात टाकत नाही, असं म्हणतात. मी फक्त इथलं पाहिलंय. तो पाटावर न बसता आधी पाट उचलून बेबीच्या उजव्या बाजूला घेतो, जिकडचं तिला दिसतं तिकडे, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवून बसतो. ती त्याला ओवाळते. दोघं हसतात, जुन्या गोष्टी काढतात, तिच्या मनात काही राहिलेलं नाही. मग ताटात ओवाळणी घालायला तो हात उचलतो, अगदी सावकाश, आणि बेबीची मान आपोआप मागे जाते. हात तसाच हवेत थांबतो. मान परत जागेवर येईपर्यंत तो थांबून राहतो.